शीड टाकण्यापुरता वेळ

सन पस्तीसच्या सुमारास किहीमला आमच्या मुंबईच्या शेठच्या दोन आलिशान मोटारी होत्या आणि दोन्ही मीच चालवायचो. जुनी खडखड करायची. चढ लागला की तिचं पाणी उकळायचं. नवी तोच चढ आवाज न करता चढायची. माझा जीव अर्थात नवीवर.

वळणापाशी एक कोळीण मातीच्या रस्त्याकडेला जवळा, म्हणजे ती बारीक कोळंबी, वाळत घालायची. जुनी मोटार वळणावर पोचायच्या आधीच ती कानामागे हात धरून उभी असे आणि शिडाचं फाटकं कापड जवळ्यावर ओढून घेई. एकदा जुनीत पाणी ओतायला तिथे थांबलो, तेव्हा सहज विचारलं, "बाय, दोन्हींत कुठली मोटार चांगली?"

"हीच," ती म्हणाली. "ही लांबून वरडत येते, तवर मी शीड टाकते. नवीचा आवाजच न्हाय. धुरला जवल्यात बसला, मंग कलतं."

जुनी पुढे शेठनी विकली. नवीचा भोंगा मी वळणाच्या बराच अलीकडून वाजवू लागलो. एवढी शांत गाडी घेऊन उपयोग काय, म्हणून शेठ कुरकुरले. मी आरशात मागचं वळण पाहिलं. जवळा झाकलेला होता, पण कोळणीचा हात अजून कानामागेच होता. जुनी मागून येतेय का, ते ती ऐकत असावी.