बाबांचं सोडियम

माझे बाबा आयुष्यभर पुण्याचं पाणी तपासत आले. खडकवासल्याहून आलेलं पाणी शहरात सोडण्याआधी ज्या प्रयोगशाळेत त्याचे नमुने तपासतात, तिथे ते सहायक होते. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी सवयी तिथल्याच. एका नमुन्यावर विश्वास ठेवायचा नाही, दुसरा घ्यायचा, आणि दोन्ही जुळले तरच वहीत लिहायचं. हा नियम त्यांनी कलिंगडालाही लावला आणि मला सांगून आलेल्या स्थळांनाही. मी अजून बिनलग्नाची आहे, यात त्या नियमाचा थोडा हात आहे.

दुसरी सवय जिभेची. त्यांच्या तोंडून कौतुक म्हणून कधी निघालं नाही. दहावीत मी शाळेत पहिली आले, तेव्हा "वर्गात मुलं किती होती?" एवढंच विचारलं. आई म्हणायची, "अगं, त्यांना आनंद झालाय." आईला ते दिसायचं, मला नाही.

आई गेल्यापासून ते माझ्याकडे राहतात, सिंहगड रस्त्याला, चौथ्या मजल्यावर. सकाळी बुद्धवंदना झाली की तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेलं पाणी, अख्खं भांडं, बसून घोट घोट प्यायचं. दिवसभरही येता-जाता तेच. पाण्याने कुणाचं वाईट झालंय का, असा त्यांचा सवाल असे, आणि त्यांच्यासमोर पाण्याबद्दल बोलायची आमची काय टाप!

मागच्या वर्षी एका सकाळी मी त्यांना चहा दिला. एक घोट घेऊन म्हणाले, "वा! फार छान झालाय चहा. आपण पण बसा ना."

मला "आपण" म्हणाले, तेव्हा वाटलं, चेष्टाच चाललीय. पण चहा छान झालाय हे ऐकून मी इतकी हुरळले, की खराडीला ऑफिसात पोचेपर्यंत दोन मैत्रिणींना फोन करून सांगूनही झालं. दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबा जिन्यात बसले होते आणि आपलं घर कुठलं, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी आम्ही हॉस्पिटलात होतो. रक्तातलं सोडियम पार घसरलं होतं, त्यानेच भ्रम झाला होता. बीपीची एक गोळी आणि वर ते भांडी भांडी पाणी, दोन्ही मिळून. डॉक्टरबाईंनी विचारलं, "हे वेगळे वागतायत असं कधीपासून वाटतंय?"

"सकाळी त्यांनी माझ्या चहाचं कौतुक केलं," मी म्हणाले, आणि तिथेच रडायला लागले. दुसऱ्या कुणाच्या घरी ते साधं कौतुक असतं. आमच्या घरी तो धोक्याचा भोंगा होता, आणि मी तो मिरवत ऑफिसात घेऊन गेले होते.

आठवड्याने बाबा घरी आले. गोळी बदलली, पाणी मोजून द्यायचं ठरलं. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, की पुन्हा असं घसरलं तर फिट येऊ शकते, आणि दर वेळी माणूस होता तसा परत येईलच असं नाही.

मग दर आठवड्याला रक्त काढणं सुरू झालं. बाबांच्या शिरा सापडत नसत. टोचून टोचून कोपराची आतली बाजू जांभळी पडली. लॅबचा माणूस आला की बाही वर सारताना ते तोंड भिंतीकडे करत.

आमच्याच ऑफिसात एक टीम घामातले क्षार मोजणारी पट्टी बनवत होती, धावणाऱ्या खेळाडूंसाठी. दंडावर चिकटवायची, घाम आला की आकडा फोनवर. त्यांना वापरून बघायला माणसं हवी होती. मी एक डबा घरी आणला. डॉक्टरबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "घाम म्हणजे रक्त नव्हे. हौस म्हणून लावा. पण पाणी आणि गोळ्या यावरून बदलायच्या नाहीत, ते रक्तावरूनच ठरेल."

बाबांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "टोचत नाही?"

"नाही."

"मग हिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात ओळीने तीन वाट्या मांडलेल्या. मीठ मापून पाण्यात विरघळवलेलं आणि एकेका वाटीत एकेक पट्टी. मग तेच सगळं पुन्हा. "जुळतंय," ते म्हणाले. जरा नाराजच वाटले.

खरी पंचाईत घामाची. थंडीच्या दिवसांत पुण्यात घाम आणायचा कुठून? डॉक्टरबाईंची परवानगी काढून बाबा लिफ्ट सोडून जिना चढू लागले. वर पोचेपर्यंत दंडाला ओल यायची आणि फोन आनंदाने सांगायचा, "शाब्बास! आता भरपूर पाणी प्या."

"याला सांग," बाबा धापा टाकत म्हणाले, "मी अख्ख्या शहराला पाणी पाजलंय. मला शिकवू नकोस म्हणावं." ज्याला पाणी मोजून प्यायचंय त्याला असा सल्ला! मी टीमला सांगून ते वाक्य आमच्यापुरतं बंद करायला लावलं.

बाबांनी वही सुरू केली. एका रकान्यात पट्टीचा पहिला आकडा, दुसऱ्यात दुसरा. मी गुपचूप तिसरा रकाना आखला आणि त्यात रोज सकाळी ते मला काय बोलले, ते लिहू लागले. "पोहे आहेत का अक्षता?" "भाजीत मीठ शोधायला पट्टी लावू का?" "केस कापलेस का कुणी सूड घेतला?" असलं काही कानावर पडलं, की मी निश्चिंत मनाने खराडीची वाट धरायची. डॉक्टरबाईंनी वही पाहिली तेव्हा त्या हसत सुटल्या. म्हणाल्या, "तिसरा रकाना सोडू नका. मला तोच जास्त खरा वाटतो."

यंदा फेब्रुवारीतली गोष्ट. संध्याकाळी ट्रॅफिकमधून पिचून घरी आले. बाबांनी दार उघडलं, माझ्या खांद्यावरची बॅग घेतली आणि म्हणाले, "तुझी आई गेल्यावर तू मला सांभाळलंस. तू आहेस म्हणून माझं बरं चाललंय."

मी चपलाही न काढता विचारलं, "बाबा, आज वार कुठला?"

"गुरुवार."

"मी कोण?"

"आता तेही मीच सांगू?"

तरी मी ऐकलं नाही. पट्टी लावली, त्यांना जिना उतरून चढायला लावला. आकडा रोजच्यासारखाच. तरी धीर होईना. डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, वार बरोबर सांगतायत, चालतायत नीट, तर घाबरू नका, पण खात्री करून घ्या. तासाभरात लॅबचा माणूस आला. बाबांनी बाही वर केली आणि भिंतीकडे पाहिलं.

त्याच्याकडच्या छोट्या यंत्रावर तिथेच तपासणी झाली आणि रिपोर्ट फोनवर आला. सोडियम एकशे अडतीस, अगदी जसं हवं तसं. मी मोठ्याने वाचून दाखवलं.

बाबा कापसाचा बोळा कोपराच्या आतल्या बाजूला दाबून बसले होते. "बघ," ते म्हणाले, "जन्मात एकदा चांगलं बोललो, तर सुई टोचलीस."

मला हसूही येत होतं आणि डोळ्यांतलं पाणीही थांबत नव्हतं. म्हणजे ते सोडियम नव्हतं. ते बाबाच बोलले होते, शुद्धीत, मला ओळखून.

"बाबा, एका नमुन्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं तुम्हीच सांगता ना?" मी म्हटलं. "दुसरा द्या."

त्यांनी बोळा काढला, रक्त थांबलंय का ते पाहिलं. मग माझ्याकडे बघत तेच वाक्य, एकही शब्द न बदलता, पुन्हा म्हणाले.

मी वही उघडली आणि तिसऱ्या रकान्यात ते लिहून ठेवलं.