रुपचंदशेठची टाकी आणि तीन दिवे

जळगावच्या बाजारपेठेत रुपचंदशेठचे लुगड्यांचे दुकान आणि त्याला लागून माझे बल्ब-वायरचे. शेठच्या दुकानातले पिवळे बल्ब मीच लावले होते. त्या उजेडात विटका लाल रंगही कुंकवासारखा दिसे. पापात माझाही वाटा होता, पण तेव्हा मला कोणी विचारले नाही.

अडुसष्ट साली मुंबईच्या साडूने शेठना काचेची टाकी आणि बारा गप्पी मासे दिले. मेहरूणच्या तळ्यातून आणलेली पाणवनस्पती आत लावून शेठनी टाकी गल्ल्याशेजारी ठेवली. शेठाणी लाडकुंवरबाईंनी त्याच दिवशी बजावले, "एक जरी जीव गेला, तर टाकी दुकानात राहणार नाही. आणि घरात तीन दिवस चूल पेटणार नाही."

शेठ दिवस मावळायच्या आत जेवणारे, वाटेतली मुंगी वाचवून चालणारे. गिऱ्हाईक मात्र त्या मुंगीत मोडत नव्हते.

आधी त्यांनी टाकीवर शंभराचा बल्ब लावला. वैशाखात पाणी आंघोळीला घ्यावे इतके तापले. मी म्हटले, "शेठ, ट्यूब लावा. माझ्या अंधाऱ्या दुकानात मनीप्लांट ट्यूबवरच वाढतोय."

"नाना, धंद्यातलं तुम्हाला कळत नाही," शेठ म्हणाले. "लाल माल पिवळ्यात उठतो, हिरवा माल हिरव्यात." आणि छोटा हिरवा बल्ब घेऊन गेले.

महिनाभर टाकी पाचूसारखी चमकली. मग वास सुटला. मी बॅटरी मारून पाहिले, तर पाने कुजून तपकिरी झाली होती आणि मासे वर येऊन तोंडे उघडत होते. शेठ वाकून एकेक मासा मोजत होते. त्या दिवशी मला त्यांची खरेच दया आली.

पाणी बदलले, नवी रोपे आणली, ट्यूब लावली. तीन आठवड्यांत पाने तरारली, मासे खेळू लागले. पण ट्यूबचा पांढरा उजेड मागच्या फळीवर पडला आणि सगळा विटका माल उघडा पडला. गिऱ्हाइके नाके मुरडून जाऊ लागली. शेठनी सुताराकडून लाकडी झाकण करून घेतले आणि ट्यूब त्याच्या आत बसवली. आता फळीवर एक किरण पडत नव्हता.

पुढच्या बाजाराला फैजपूरच्या भिकुबाई लेकीच्या लग्नाचे लुगडे घ्यायला आल्या. लुगडे हातात धरून त्या बराच वेळ टाकीतल्या हिरव्यागार पानांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "शेटजी, मासास्ले पांढरा उजेड आन आमले पिवया? आम्ही काय पाप करं?" आणि झाकण उचलून पदर ट्यूबखाली धरला.

"हाई नको. दुसरं दखाडा."

पुढच्या बाजारी टाकीपुढे बायकांची रांग लागली. प्रत्येकीच्या हातात लुगडे. शेठ घामाघूम झाले.

संध्याकाळी ते मला हळूच म्हणाले, "नाना, टाकी तळ्यावर सोडून यायची का?"

दुकानामागच्या घरात बसलेल्या लाडकुंवरबाईंनी ते ऐकले. जपमाळ न थांबवता त्या म्हणाल्या, "का? अजून एकही मासा मेलेला नाही."