छत्रीखालचा राजा

चौक गावाजवळ हायवेच्या कडेला जुन्या बंगल्यांतलं सामान विकणारा एकजण बसतो. त्याच्याकडच्या मोडक्या खुर्च्यांमागे मला ते चित्र दिसलं आणि मी अक्षरशः उडालेच. पश्चिम आफ्रिकेतल्या एका राजाची मिरवणूक, धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली, इंग्रजांच्या काळातली. राजावर भलीमोठी छत्री, पुढे ढोलवाले, शिंगं फुंकणारे, मागे माणूसच माणूस. ढोलाच्या दोऱ्यासुद्धा एकेक करून कोरलेल्या. अशी चित्रं मी आजवर मोबाइलवर बोटांनी मोठी करकरून बघत आले होते. आता खरंखुरं हातात होतं. पोशीरला घरी पोचेपर्यंत मी स्कूटरवर एकटीच हसत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवून परत आले, तर चित्र ठेवलेलं टेबल रिकामं.

"कर्जतला लॅमिनेशनला दिलं गं," आई म्हणाली. "कडा फाटल्या होत्या."

आमच्याकडे लग्नाचा फोटो असो की दहावीचं सर्टिफिकेट, सगळं फळीवर चिकटवून वर प्लास्टिक चढवतात. एकदा चिकटलं की तो जुना कागद कायमचा गेला. आईने मायेनेच दिलेलं, त्यामुळे चिडायचीही सोय नव्हती. मी तशीच स्कूटर हाणली. नेरळच्या बाजारात टेंपो आडवा आला तेव्हा रडू यायचंच बाकी होतं.

दुकानात फळी कापून तयार होती, चिकटवायचा डबा उघडा होता. चित्र मात्र शेजारी जसंच्या तसं. मी आधी ते उचललं, मग श्वास घेतला.

"काम थांबलंय ताई," दुकानदार म्हणाला. "खाली नावाची पट्टी लावतो ना आमी. आईंना इचारलं, त्यांना म्हाईत नाय. ह्यो राजा कोन?"

चित्राखाली इंग्रजीत 'राजाची स्वारी' एवढंच होतं. दोरीन् दोरी कोरणाऱ्याने नाव एकाचंही लिहिलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"येवढा राजा, आन् नाव नाय?" त्याला ते पटेचना.

लॅमिनेशन रद्द करून मी साधी काचेची फ्रेम घेतली. पट्टी मात्र लावून घेतली, कोरी. आता मी लायब्रऱ्यांना मेल पाठवते, सापडेल ते वाचते, आणि रोज जेवायला वाढताना आई विचारते, "लागला का गं त्याच्या नावाचा पत्ता?"