पुढच्या शॉकअपची तक्रार

दौलताबाद रस्त्यावर पडेगाव मागं टाकलं की मुरमाच्या टेकड्या लागतात. गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यातल्याच एका टेकडीवरून सायकलने उतरताना मी पडलो आणि उजव्या गळपट्टीचं हाड मोडलं. तिथं दोन मोठ्या दगडांमधून वाट वळते आणि वळल्यावर लगेच गुडघाभर उंचीची खडकाची पायरी आहे. त्याआधी मी पन्नास वेळा तरी ती उतरलो असेन. त्या दिवशी पुढचं चाक पायरीखाली वाकडं टेकलं, हँडल हातातून सुटलं, एवढंच आठवतं. त्यानंतर आठवतं ते मेहुण्याचं तोंड. तो माझ्यावर वाकून म्हणत होता, "दाजी, बोटं हलतात का? आधी बोटं हलवा."

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. देवगाव रंगारीच्या बाजूला एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि रविवारी पहाटे मोटारसायकलवर शहरात येतो. त्याची सायकल आमच्याकडेच असते. डोंगरात सायकल चालवायचा नाद त्याला मीच लावला होता. त्यामुळे मी पडल्यावर बायकोने दोघांनाही एकत्रच बोलून घेतलं.

होळीच्या आधी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि आम्ही पुन्हा जायला लागलो. पहिल्याच दिवशी मला जाणवलं की सायकल बिघडलीय. उताराला लागलं की पुढून कडक धक्के यायचे, मनगटं दुखायची, खाली पोचेपर्यंत बोटं बधिर व्हायची. आधी असं कधी होत नव्हतं. पडताना पुढच्या शॉकअपला मार बसला असणार, असं मी ठरवून टाकलं.

जुन्या शहरात आमचे एक चाचा आहेत. अशा सायकलींचे शॉकअप उघडून तेल आणि सील बदलणारा दुसरा भरवशाचा माणूस मला माहीत नाही. त्यांनी माझा शॉकअप पूर्ण उघडला, दांड्यांवरून बोटं फिरवली, पुन्हा बसवला आणि हवा भरून दिली.

"कुछ नै है इसमें, साब. एकदम मख्खन है."

"मग हात का दुखतात, चाचा?"

"वो मेरेकू क्या मालूम? हात आपके हैं."

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो. त्यांनी तेवढ्याच शांतपणे पुन्हा तपासलं आणि पुन्हा तेच सांगितलं. माझा विश्वास बसला नाही. वाळूजच्या एका कारखान्यात मी वीस वर्षं गुणवत्ता तपासणीत आहे. कुणी हात फिरवून 'ठीक आहे' म्हटलं की आम्ही आकडा मागतो. म्हणून मी आकडे देणारं यंत्र मागवलं.

दोन सेन्सर होते. एक पुढच्या शॉकअपच्या दांडीला पट्ट्याने बांधायचा, दुसरा मागच्या शॉकअपला. उतार उतरून आलं की मोबाइलवर आलेख दिसायचा: शॉकअप किती दबला, किती वेगाने परत आला, पुढचा आणि मागचा एकमेकांशी जुळतात का. त्याखाली सल्लाही असायचा. हवा इतकी कमी करा, परतीचा वेग दोन टिचक्यांनी वाढवा, असा. शॉकअपच्या तळाला छोटी फिरकी असते, ती फिरवली की टिक-टिक वाजते, त्या या टिचक्या. यंत्र स्वस्त नव्हतं. बायकोने खोका पाहून विचारलं, "हे काय बीपीचं मशीन आहे का?" मी म्हटलं, "तसंच काहीतरी."

पहिल्या रविवारी यंत्राने सांगितलं की पुढचा शॉकअप जेमतेम निम्मा दबतोय, हवा कमी करा. मला फार बरं वाटलं. मी मेहुण्याला मोबाइल दाखवला. "बघ, मी म्हणत होतो ना?" टेकडीवरच पंप काढून हवा कमी केली आणि पुन्हा उतरलो. तरी निम्माच. दुसऱ्या रविवारी आणखी कमी केली. यंत्र म्हणालं, अजून थोडी. मेहुणा बाभळीच्या सावलीत बसून बघत होता.

"दाजी, लई हवा काढली आता. पुढून फुसका झालाय."

"आकडा तेच सांगतोय."

"व्हय, पण आकड्याला पडायची भीती नसती."

मी ऐकलं नाही. तिसऱ्या रविवारी उताराच्या शेवटी एक शेळी आडवी आली. मी पुढचा ब्रेक दाबला आणि हवा गेलेला शॉकअप तळापर्यंत बसला. सायकलचं नाक खाली गेलं आणि मागचं चाक उचललं गेलं. पाय कसेबसे जमिनीवर टेकले म्हणून वाचलो. शेळी निवांत निघून गेली. मी तिथंच सायकल आडवी टाकून बसलो. मला यंत्राचा, चाचांचा, मेहुण्याचा, सगळ्यांचाच राग आला होता.

मेहुणा खाली आला. त्याने पंप घेतला, हवा चाचांनी भरून दिली होती तितकी केली आणि म्हणाला, "आता मी उतरतो. तुमची गाडी, तुमचं यंत्र. आपलं वजन एकच हाये."

ते खरं होतं. आमच्या वजनात दोन-तीन किलोंचाही फरक नाही. तो सायकल ढकलत वर गेला. मी खालून पाहत होतो. पायरीवरून तो उतरला तेव्हा त्याची कोपरं वाकलेली होती आणि छाती हँडलवर होती. खाली येऊन त्याने मोबाइल माझ्या हातात दिला.

त्याच्या आलेखात पुढचा शॉकअप तीन चतुर्थांश दबला होता. पुढचा आणि मागचा जुळत होते. सल्ल्याच्या जागी लिहिलं होतं की बदलाची गरज नाही.

कारखान्यात नवीन मापयंत्र आलं की आम्ही एक चाचणी करतो. तोच भाग, तेच यंत्र, फक्त मोजणारी माणसं वेगळी. माणूस बदलला की आकडा बदलत असेल तर भागाला दोष द्यायचा नाही, हे मी नव्या पोरांना दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवतो. ते मला तिथं, मुरमावर बसल्या बसल्या आठवलं. शॉकअप चांगला होता. तीन रविवार मी स्वतःलाच मोजत होतो.

आता माझे जुने आलेख नीट पाहिले. पुढचा निम्मा दबलेला, मागचा मात्र जवळपास पूर्ण. म्हणजे उताराला लागलो की मी सीटच्याही मागं जाऊन बसत होतो, हात ताठ करून, मागचा ब्रेक धरून. पुढच्या चाकावर वजनच नव्हतं, तर शॉकअप दबणार कुठून? ताठ हातांनी धक्के मनगटांत येणारच. यंत्राला यातलं काही कळत नव्हतं. त्याला वाटत होतं, शॉकअप कडक आहे.

मी मेहुण्याला म्हटलं, "मला भीती वाटतेय."

हे मी तोवर कुणालाच बोललो नव्हतो. बायकोलाही नाही, कारण ती म्हणाली असती, मग सोडा. स्वतःशी तरी कुठं बोललो होतो?

तो माझ्या शेजारी मुरमावर बसला. मग म्हणाला, "मला ठाऊक हाये, दाजी. होळीपासनं बघतोय. तुम्ही वळणाच्या आधी श्वास धरता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही शॉकअपचंच बोलत होता. मधी कसं बोलू?"

 आम्ही पडेगावला येऊन चहा प्यायलो आणि घरी आलो.

पुढच्या रविवारपासून त्याने मला शाळेतल्या मुलासारखं शिकवलं. पायरी सोडून दिली. खालचा सोपा तुकडा घ्यायचा, कोपरं वाकवायची, हनुवटी हँडलवर आणायची आणि मोठ्याने आकडे मोजत उतरायचं, म्हणजे श्वास धरता येत नाही. प्रत्येक वेळी खाली येऊन आलेख बघायचा. इथं मात्र यंत्र खरोखर उपयोगी पडलं. मला वाटायचं आपण पुढं झुकलोय, आलेख म्हणायचा, नाही. माणूस घाबरलेला असताना आपलं अंग कुठं आहे हे त्याला कळत नाही. मेहुण्याने सांगितलं असतं तर मी वाद घातला असता, पण आलेखाशी काय वाद घालणार? सहा-सात रविवारांत आलेखात पुढचा शॉकअप हळूहळू जास्त दबलेला दिसू लागला आणि कधीतरी बोटं बधिर व्हायची थांबली. नेमकं कधी, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

चाचांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तक्रार करून दोनदा त्यांचा वेळ घेतला होता, माफी मागायची होती. त्यांनी चष्मा लावून दोन्ही आलेख शेजारी शेजारी पाहिले, आधीचा आणि नंतरचा.

"मशीन झूठ नै बोली," ते म्हणाले. "बस, सवाल गलत था आपका."

उन्हाळा संपता संपता मी पायरी उतरलो. मुद्दाम ठरवलं नव्हतं. वळणावर आलो तेव्हा श्वास चालू होता, म्हणून पुढं गेलो. त्या दिवशी सेन्सर लावलेले नव्हते, त्यामुळे त्याची नोंद नाही. मेहुणा मागून ओरडला, "जमलं, दाजी!" अजूनही काही रविवारी मी तिथं सायकलवरून उतरून ती हातात धरून जातो. त्याची आता लाज वाटत नाही.

बँकेत काम करणाऱ्या एक बाई आमच्यासोबत सायकल चालवायला येतात. त्यांनी परवा विचारलं, हे यंत्र घेण्यासारखं आहे का? मी खरं ते सांगितलं. नुसती सायकल जुळवून घ्यायची असेल तर गरज नाही. शॉकअपच्या दांडीवर रबराची कडी असते, किती दबला ते तीच दाखवते. हवेचा पंप आणि चाचांसारखा माणूस असला की काम भागतं. टिचक्यांचा फरक तर आपल्यासारख्यांना क्वचितच कळतो. सल्ले डोळे मिटून मानले तर उलट धोकाच आहे, मी मानून बघितलेत. पण आपण स्वतः सायकलवर काय करतो हे बघायचं असेल तर महिनाभर वापरावं.

त्यांनी वैतागून विचारलं, "म्हणजे घेऊ की नको?"

"घेऊ नका. माझं घेऊन जा."

त्या घेऊन गेल्या. काल त्यांचा निरोप आला की त्यांचा मागचा शॉकअप खराब आहे, चाचांचा पत्ता पाठवा. मी पत्ता पाठवला आणि खाली लिहिलं, जाण्याआधी तुमची सायकल एकदा माझ्या मेहुण्याला चालवायला द्या.