बाच्या दातातली खाच

बाच्या वरच्या पुढच्या दाताला एक खाच होती. आमचं घर ढिवराचं, मासे धरून पोट भरणारं. जाळं विणताना बा गाठ घालायचा, दोरा त्या दातात धरायचा आणि हिसका देऊन गाठ आवळायचा. नायलॉनच्या दोऱ्यानं घासून घासून दात तिथं झिजला होता.

मला त्या खाचेची लाज वाटायची. खोटं कशाला बोलू? नागपूरला होस्टेलवर बा भेटायला आला, की मैत्रिणींसमोर यानं हसू नये एवढंच मनात यायचं.

पुढे दातांची डॉक्टर झाले आणि चिमूरला एका खोलीत दवाखाना टाकला. तेव्हा आमच्याकडे लोकांना दातात भरायची चांदी तेवढी माहीत. दाताच्याच रंगाचा मसाला, म्हणजे कंपोझिट, निळ्या उजेडानं कडक होतो, हे बघायला माणसं दारात उभी राहायची. त्याची पहिली नळी मी बासाठी उघडली. तंबाखूनं पिवळसर झालेल्या त्याच्या दाताला तीन छटा लावून पाहिल्या. काम झालं तेव्हा खाच कुठे होती, हे मलाही दिसेना.

"अवो, हा त जवानीतला दात होय!" आरशात बघत बा म्हणाला. मी अशी फुगले की विचारू नका.

पावसाच्या आधी गावच्या तलावासाठी मोठं जाळं लागायचं आणि ते दरवर्षी बाच विणायचा. त्या साली ते पडवीत अर्धवटच लटकत राहिलं. "डोये साथ देऊन नाई राह्यले," बा म्हणाला. मी लगेच चष्मा करून आणला, शहाणी ना मी! बा चष्मा लावून बसायचा, पण जाळं काही पुढे सरकेना. औंदा दुसऱ्याकडून विणून घेऊ, असं गावातले लोक बोलू लागले. त्या दिवशी बा जेवला नाही.

मग आईच चिडली. "डोयाले काई नाई झालं त्याच्या. दोरा घसरते दातावरून, गाठ ढिल्ली राह्यते. ज्या दातानं तुले डॉक्टर केलं, तोच बुजवला तुनं!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्याच दिवशी बाला खुर्चीत बसवलं, खाच पुन्हा मोकळी करायला मशीन हातात घेतली आणि अडले. रंग असा चपखल जुळवला होता की मसाला कुठे संपतो आणि दात कुठे सुरू होतो, ते कळेना. जास्त गेलं तर बाचाच दात कापला जाणार.

बानं बंडीच्या खिशातून दोरा काढला. मी जरासं घासायचे, तो दोरा दातात धरून ओढायचा. "अजून." पुन्हा घासलं. "अजून लहानसं." मग दोरा बसला. "बस, आता हात नको लावू." तिथंच त्यानं एक गाठ मारली, दातानं आवळली आणि माझ्या हातात दिली. "सोड पाहू." नखं दुखेपर्यंत मी ओढली, ती सुटली नाही.

"बा, मले सांगतलं काऊन नाई तू?"

"तुया हातचं पह्यलं काम होतं, माय," बा म्हणाला. "तोड म्हणून कसा सांगू?"

आणि खाचेसकट हसला.