कुरकुर न करण्याचा आठवडा

पी बोक-नामबाईंचं अक्षर वाईट होतं. कालवं फोडून फोडून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती. तरी आम्हा मोदो बेटावरच्या पोरांना बायबलची जी काही वचनं पाठ होती, ती सगळी त्याच अक्षरातली. जुन्या कॅलेंडरची पानं कापून कोऱ्या बाजूला त्या दर शनिवारी वचन लिहीत आणि खाली सात चौकोन आखत. रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत वचन घोकून घेतलं की प्रत्येकाच्या हातात एक कार्ड ठेवायच्या.

"घोकणं पोपटालाही येतं," त्या म्हणायच्या. "सात दिवस वागून दाखवा. वागलात तर चौकोनात गोल काढा. खोटा गोल काढलात तर मला कळणार नाही, पण तुम्हाला कळेल."

नवरा बुसान शहरात कामाला गेला तो तिकडचाच झाला होता. मूलबाळ नव्हतं. आठवडाभर शेडमध्ये कालवं फोडायची आणि रविवारी आमचा वर्ग घ्यायचा, एवढाच त्यांचा संसार.

आम्ही वचनं पाळायचो म्हणजे काय, ते आमच्या आयांना विचारा. 'मागणाऱ्याला द्या' या आठवड्यात सोक-चोलनं घरची अंडी देणारी कोंबडी भांडीवाल्याला देऊन टाकली. त्याची आई पिठाच्या हातांनीच चर्चमध्ये घुसली.

"बाई, तुमच्या देवाला सांगा, माझी कोंबडी परत कर म्हणावं!"

बोक-नामबाईंनी स्वतःची कोंबडी दिली आणि हसून हसून डोळे पुसले.

या सगळ्यात हे-रानचा हात कुणी धरू शकत नव्हतं. ती माझ्या वर्गातली, आम्ही दोघी अकरा वर्षांच्या. दीडशे वचनं तिला अध्याय-ओवीसकट पाठ होती. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिनं कधी खोटा गोल काढला नाही. चौकोन रिकामा राहिला तर रिकामाच आणून दाखवायची, आणि कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

त्या डिसेंबरात कालवांचा हंगाम जोरात होता. शाळा सुटली की आम्हालाही शेडमध्ये शिंपल्यांच्या टोपल्या वाहायला लावत. हात गारठायचे, आम्ही रडगाणं गायचो. एक दिवस हे-रानची आई, छाम-रे, सुरी चालवता चालवता म्हणाली, "अगं बोक-नाम, या कार्ट्यांची कुरकुर थांबेल असं एखादं वचन नाही का तुझ्या पुस्तकात?"

"आहे की."

"मग घे बाई या रविवारी! कान किटले."

सगळ्या बाया हसल्या. रविवारी कार्डावर वचन आलं: जे काही कराल ते कुरकुर न करता करा.

गुरुवारी शाळेत हे-रान बाकावर वाकून बसली होती.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही. पोट दुखतंय. कालपासून."

"मग आईला सांग ना."

"तिनं विचारलं तर सांगेन. आपण होऊन सांगितलं की ती कुरकुरच." तिनं कार्ड दाखवलं. बुधवारपर्यंत चार गोल होते.

"मग उलटी कर," मी म्हटलं. "उलटी म्हणजे काही कुरकुर नव्हे."

आम्ही दोघी हसलो. हसताना तिनं पोट धरलं.

संध्याकाळी शेडमध्ये ती एका कुशीवर वाकून टोपली नेत होती. छाम-रेनं हाक मारली, "आज हळू का गं चालतेस? म्हातारी झालीस काय?" हे-राननं नाही म्हणून मान हलवली आणि भरभर चालायला लागली.

शुक्रवारी दुपारी ती शिंपल्यांच्या ढिगाशी कोसळली. आरोग्यकेंद्रातल्या नर्सनं पोटाला हात लावला आणि तो पटकन मागे घेतला. "हे चुंगमूच्या इस्पितळाचं काम आहे. आत्ताच्या आत्ता न्या." चुंगमू पलीकडच्या किनाऱ्यावर, आणि वाऱ्यामुळे सकाळपासून फेरीबोट बंद होती. तिच्या वडिलांनी स्वतःची होडी काढली. छाम-रे तिला मांडीवर घेऊन बसली. बंदर दिसायला लागलं होतं, तेव्हा हे-रान गेली. अपेंडिक्स फुटलं होतं. दोन दिवस आधी आणली असती तर, असं डॉक्टर म्हणाले.

तिला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. बोक-नामबाई आमच्यासमोर नुसत्या बसून होत्या. दार उघडलं आणि छाम-रे आत आली. मुलीच्या कोटाच्या खिशातलं कार्ड तिच्या हातात होतं.

"वाच."

बाईंनी कार्ड घेतलं.

"मोठ्यानं. पोरांना ऐकू दे."

बाईंनी वाचलं. शेवटपर्यंत. खाली सहा गोल होते. सहावा, शुक्रवारचा, वाकडातिकडा.

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"बस. एवढंच विचारायचं होतं."

हे वचन कुणी मागितलं होतं ते शेडमध्ये त्या दिवशी असलेल्या आम्हा तिघाचौघांना ठाऊक होतं. आम्ही बाईंच्या तोंडाकडे पाहत राहिलो. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. पुढेही, गावात लोक तोंडावर 'पोर मारली' म्हणाले तेव्हासुद्धा, छाम-रेचं नाव त्यांच्या ओठांवर आलं नाही.

पास्टर बाईंची समजूत घालायला गेले. "देवाला आपल्या बागेत फूल हवं होतं," असं काहीतरी म्हणाले.

"देवावर ढकलू नका, पास्टर," बाई म्हणाल्या. "कुरकुर कशाला म्हणायचं आणि सांगणं कशाला म्हणायचं, हे मी पोरांना शिकवलं नाही. ते मी शिकवायला हवं होतं." आणि त्यांनी वर्ग सोडला.

वर्ष गेलं. वर्ग दुसऱ्या कुणीतरी घेतला. दहा वचनं पाठ केली की एक पेन्सिल. मी पेन्सिली मिळवत होते. जेवण जात नव्हतं. आईला वाटलं, जंत झाले.

एक दिवस शेडमागे बोक-नामबाई एकट्या सुरीला धार लावत होत्या. मी जाऊन उभी राहिले.

"बाई, मला माहीत होतं. तिचं पोट दुखतंय ते तिनं मला गुरुवारीच सांगितलं होतं. मी हसले."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "हे अजून कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"वर्षभर पोटात ठेवलंस?"

मी मान डोलावली. बाईंनी मला ओढून जवळ घेतलं. त्यांच्या अंगाला खाऱ्या पाण्याचा वास येत होता. त्या इतक्या जोरात रडायला लागल्या की मी घाबरले. हे-रानच्या मातीलासुद्धा त्या रडल्या नव्हत्या.

"पोरी, तू अकरा वर्षांची होतीस. ते तुझं नाही, माझं आहे. माझं मला उचलू दे." मग स्वतःशीच म्हणाल्या, "अजून गप्पच बसताहेत पोरं. अजून."

पुढच्या रविवारी त्या वर्गात आल्या. पास्टरांना विचारलं नाही, कुणाला काही सांगितलं नाही. कार्ड होतं, चौकोन नव्हते. वचन द्यायच्या आधी एकेकाला विचारलं, "कुठे दुखतंय? घरी कोण मारतं? कशाची भीती वाटते?" पहिले काही आठवडे कुणी बोलेना. बाई थांबायच्या. त्यांनी स्तोत्रांतली आक्रोशाची वचनं शोधून काढली, संकटात पडलेला माणूस देवाला मोठ्यानं हाका मारतो ती. ती बसून म्हणायची नाहीत, उभं राहून, ओरडून.

"याचा गृहपाठ काय?" सोक-चोलनं विचारलं.

"दुखलं की ओरडायचं. विचारायची वाट बघायची नाही. कुणी रागावलं तर माझं नाव सांगायचं."

आमच्या आया वैतागल्या. "बाईंनी पोरं रडूबाई करून ठेवली," म्हणायच्या. पण ओठ फुटलेल्या एका मुलीनं त्याच वर्षी बापाचं नाव घेतलं, आणि बाई स्वतः तिला तिच्या मावशीकडे पोचवून आल्या. कुरकुरीचं ते वचन त्यांनी पुन्हा कधीही शिकवलं नाही.

मे महिन्यात हे-रानचा वाढदिवस. आमच्याकडे बाळंतिणीला द्यायचं आणि वाढदिवसाला खायचं ते समुद्री शेवाळाचं सार बाई त्या दिवशी पहाटे रांधायच्या आणि पातेलं छाम-रेच्या दारात ठेवून यायच्या. दार उघडत नसे. पातेलं दुसऱ्या दिवशी त्यांच्या फाटकाशी उपडं पडलेलं असे. दर वर्षी. मी लग्न होऊन मुख्य भूमीवर गेले, मला मुलं झाली, त्यांची लग्नं झाली. गावात मूल उरलं नाही, चर्चची मागची खोली बंद झाली. पातेलं जातच राहिलं.

बोक-नामबाई गेल्या शरदात वारल्या. त्यांच्या मातीला आम्ही जुने विद्यार्थी जमलो. आमची पोटं सुटलेली, केस पिकलेले, आणि वचनं अजून सगळी पाठ. आलेल्यांना मी जेवण वाढत होते. दाराशी छाम-रे काठी टेकत आली. वय पंच्याऐंशीच्या पुढे. तिला पाहून सगळे बाजूला सरले. तिनं बाईंच्या फोटोपुढे डोकं टेकवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"मी-ओक ना गं तू?"

"हो, काकू."



"इतकी वर्षं सार ठेवायची ती," म्हणाली. "कुत्र्याला घालायचे मी. कसं लागायचं, मला माहीत नाही. कधी चाखलंच नाही."

 मी तिच्यापुढे भाताची वाटी ठेवली. तिनं चमचा उचलला, आणि तसाच हातात धरून बसली.