शमीमचे बिनकामाचे दिवस

सातपूरच्या भाजीबाजारात कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन उभी होते, तेवढ्यात शमीमच्या शेजारणीचा फोन आला. "काकू, शमीमआपा गेल्या." मी सहज विचारलं, "पुण्याला, मुलाकडे?" पलीकडून हुंदका ऐकू आला आणि मला कळलं. जुडी तशीच टाकून मी निघाले. दीड महिना झाला या गोष्टीला. तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. झाडलेलं पुन्हा झाडते, बाजारातून नको ते आणते, टीव्ही लावते आणि बंद करते.

शमीम आणि मी सातपूरच्याच एका कारखान्यात विजेची बटणं जोडायच्या लाइनवर होतो. शेजारी शेजारी बसून केस पांढरे केले आम्ही. तिचा नवरा तरुणपणीच गेला. पदरात इम्रान. पहिली पाळी असो की दुसरी, तिचे हात कधी थांबलेले मी बघितले नाहीत. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा डब्याचं झाकण फिरवत बसायची. आणि बोलायची मात्र नेमकं उलटं. "मंगल, रिटायर होऊ दे मला. गच्चीवर झाडं लावीन, सावलीत पुस्तक घेऊन बसेन. कुणी हाक मारली तरी उठायची नाही." मी हसायचे. हिला बसणं जमेल यावर माझा विश्वास नव्हता.

आणि सुरुवातीला नाहीच जमलं. निवृत्त झालो तरी पाळीच्या वेळेला दोघींनाही जाग यायची. एकदा सकाळी मी दूध आणायला निघाले, तर ही कंपनीची बस यायची त्या कोपऱ्यावर उभी. साडी नीट नेसलेली, हातात पिशवी. मला बघून ओशाळली. "पाय आपोआप आले गं," म्हणाली. मग तिनं गच्ची हातात घेतली. रंगाचे रिकामे डबे, सिमेंटच्या गोण्या, फुटका टब, जे मिळेल त्यात माती भरली. मोगरा, गवती चहा, मिरच्या, कठड्यावरून सोडलेला दोडक्याचा वेल. बी पेरलं की उगवलं का ते बघायला दुसऱ्याच दिवशी माती उकरायची. डबे ऊन बघून सकाळी इकडे, दुपारी तिकडे. वाचनालयातून कादंबऱ्या आणायची आणि ओठ हलवत वाचायची. दोन पानं झाली की उठून वेलाकडे जायची.

"अगं, बस की जरा," मी म्हणायचे.

"बसलेच आहे," ती उभ्याउभ्याच सांगायची.

पण चेहरा बदलत गेला होता तिचा. कपाळावरची आठी गेली होती. एकदा मिरच्या तोडताना म्हणाली, "हे माझे बिनकामाचे दिवस आहेत, मंगल. आयुष्यात पहिल्यांदाच आलेत."

इम्रान पुण्याला नोकरीला. त्याची बायकोही नोकरी करते, मुलगी लहान. त्यांना आई हवी होती, आणि त्यात चूक काही नव्हतं. इम्रान न्यायला आला तेव्हा मी तिथंच होते. तो आईला म्हणाला, "अम्मी, यहाँ तुमको काम क्या है?" तो खाली गेल्यावर ती मला म्हणाली, "काम नाही म्हणूनच तर राहायचंय इथं." तरी गेली. झाडांना पाणी घालायचं काम माझ्यावर सोपवून गेली. रोज फोन यायचा. नातीचं कौतुक सांगायची, मग आवाज खाली करून विचारायची, "वेलाला फूल आलं का?" पुढं पुढं नातीचंही बोलेना. नुसतं विचारायची, "तू आत्ता गच्चीवर आहेस का?"

दिवाळीनंतर एका दुपारी ती रिक्षातून उतरली. एकटीच. इम्रानला सांगून आली होती, की पोरीला मी सांभाळीन, पण माझ्या घरी. सुट्टीत आणून सोड. इम्रान फार दुखावला. त्याचे फोन थांबले. शमीम माझ्याजवळ कधी रडली नाही, पण त्या दिवसांत तिनं सगळे डबे उपसून माती बदलली, गरज नसताना. पुस्तक उघडायची आणि मिटायची. "मी चुकले का गं?" एकदाच विचारलं. मी म्हटलं, "मला नाही तसं वाटत." खरं सांगायचं तर मलाही धाकधूक होती... मुलाला तोडून राहिलेली बाई किती दिवस झाडांवर जगणार?

ईदनंतर इम्रान आला. मुलीला घेऊन, न सांगता. मी शीरखुर्म्याचं भांडं परत करायला गेले होते. पोरगी झारीनं सगळीकडे चिखल करत होती. इम्रान थकलेला, आईशी धड न बोलता गच्चीवरच्या चटईवर आडवा झाला आणि झोपी गेला. झोपेत त्याचं डोकं शेजारी बसलेल्या आईच्या मांडीला टेकलं. शमीमनं मला खुणेनं सांगितलं, पुस्तक दे. त्या दिवशी ती उठली नाही. वेल नाही, चहा नाही. उन्हं उतरेपर्यंत वाचत राहिली आणि अख्खी कादंबरी संपवली.

इम्रान जागा झाला, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाला, "मेमध्ये सोडतो हिला." एवढंच. ती मान हलवून म्हणाली, "पोहायचा टब आण तिच्यासाठी, माझा फुटलाय."

मे यायच्या आत ती गेली. सकाळी छातीत कळ आली, शेजारीण येईपर्यंत संपलं होतं. त्यांच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. जनाजा निघाला, घरात बायका बसून राहिल्या. मला बसवेना. वर गेले आणि सगळ्या झाडांना पाणी घातलं. पाणी डब्यांतून वाहून खाली अंगणात पडू लागलं, तरी मी घालतच होते. शेवटी शेजारणीनं येऊन नळ बंद केला.

चाळिसाव्या दिवसाच्या दुआसाठी इम्रान मुक्कामाला राहिला. घर विकायचं की ठेवायचं, अजून ठरत नाही त्याचं. सकाळी मी गेले, तर तो गच्चीच्या दारात उभा, हातात बादली, आणि पुढं काय करायचं ते सुचत नव्हतं त्याला.

"मावशी, अम्मी वर आली की आधी काय करायची?"

मला एकदम आठवलं. "आधी काहीच नाही. कठड्याला टेकून उभी राहायची थोडा वेळ."

त्यानं बादली खाली ठेवली आणि कठड्याला टेकून उभा राहिला. मीही राहिले. खालून कंपनीची बस गेली. मला फार वेळ जमलं नाही, मी खाली जाऊन चहा टाकला. कप घेऊन वर आले तेव्हा तो तसाच उभा होता.